विश्लेषण : गॅरेजमध्ये चालणारी बाइक घाटातच का बंद पडते?

भिवंडीहून पहाटे निघालेली बाइक पडघा, शहापूर, खर्डी मागे टाकते. कसारा घाटातल्या एका वळणावर मीटरचा काटा अचानक शून्यावर येतो, हेडलाइट जातो आणि इंजिन गप्प होते. मागून कंटेनर येत असतो. चालक बाइक कशीबशी कडेला घेतो, चावी बंद-चालू करून बघतो, बॅटरीची तार हलवतो. काहीच होत नाही. वीस मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली, तर सगळे दिवे लागतात आणि सेल्फ मारताच इंजिन सुरू होते. जणू काही झालेच नव्हते. सोमवारी हीच बाइक गॅरेजमध्ये शहाण्या मुलासारखी वागते आणि जॉबकार्डवर शेरा पडतो : ‘दोष आढळला नाही’.

हा प्रसंग कुणा एकाचा नाही. लांब पल्ल्याच्या बाइक चालवणाऱ्यांच्या कोणत्याही गटात थोड्याफार फरकाने तो ऐकायला मिळतो. त्यानंतरचा क्रमही ठरलेला असतो. आधी बॅटरी बदलली जाते, मग रेग्युलेटर, मग कॉइल. काही हजार रुपये जातात आणि पुढच्या सहलीत बाइक पुन्हा घाटातच थांबते. मेकॅनिकला काम येत नाही म्हणून असे होते, असा ग्राहकांचा समज असतो. बहुतेक वेळा तो खरा नसतो. असा दोष सापडत नाही, कारण तो जिथे असतो तिथे कुणी शोधत नाही आणि शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

येणारा-जाणारा दोष वेगळा का?

पूर्ण तुटलेली वायर शोधणे सोपे असते. ती आज तुटलेली असते, उद्याही तुटलेलीच असते. मधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचे तसे नाही. त्याला साथीदार लागतो. कधी तो साथीदार म्हणजे उष्णता, कधी हादरा, कधी ओल, कधी विजेचा वाढलेला भार, तर कधी हँडलची एक विशिष्ट स्थिती. साथीदार निघून गेला की दोषही लपतो.

गॅरेजमध्ये बाइक थंड असते, स्थिर असते, कोरडी असते. तिच्यावर दोन माणसे आणि सामानाच्या पेट्या नसतात. मेकॅनिक तिला अंजूरफाट्यापर्यंत नेऊन आणतो, तेही वाहतूक कोंडीतून. तासभर सलग ८० च्या वेगाने चालल्यावर इंजिनच्या आवरणात जे तापमान होते, ते या फेरीत तयारच होत नाही. म्हणजे ‘दोष आढळला नाही’ हा शेरा खोटा नसतो. तपासणी जिथे झाली, तिथे तो दोष खरोखरच नव्हता.

विमानांच्या देखभालीतही हीच डोकेदुखी आहे. उड्डाणात बिघडलेला सुटा भाग कार्यशाळेच्या टेबलावर ठीक चालतो, ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी लागून परत विमानात बसतो आणि पुन्हा हवेत दगा देतो. तिथे या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर अभ्यासही होतो. दुचाकीच्या बाबतीत मात्र ‘आता चालतेय ना, मग घेऊन जा’ यावर विषय संपतो.

भिवंडीचा या दोषांशी काय संबंध?

अशा दोषांना जे जे लागते, ते सारे भिवंडीत मुबलक आहे. चार महिन्यांचा धो धो पाऊस, खाडीकडून येणारी दमट हवा आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते. वाडा किंवा कामण-चिंचोटीचा रस्ता ज्यांनी ऑगस्टमध्ये पाहिला आहे, त्यांना हादरा म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. यंत्रमागांच्या वस्तीत हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगतात. ते सीटखाली, वायरिंगच्या जुडग्यांत जाऊन बसतात आणि ओले झाले की ओल धरून ठेवतात. गोदामांच्या पट्ट्यात उंदीर असतात. आठवडाभर एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाइकची वायर कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते.

पण सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. बाइकच्या वायरी एकमेकींना जिथे जोडलेल्या असतात, त्या प्लास्टिकच्या जोडांना गॅरेजच्या भाषेत कपलर म्हणतात. कपलरच्या आतल्या धातूच्या पट्ट्या सतत कंपनाने एकमेकींवर केसाइतक्या अंतरात घासत राहतात. प्रत्येक घासण्यासरशी ताजा धातू उघडा पडतो, त्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा थर चढतो आणि कालांतराने पट्ट्यांच्या मध्ये वीज अडवणारी बारीक भुकटी साचते. बाहेरून कपलर नवाकोरा दिसतो. तो एकदा काढून पुन्हा बसवला तरी भुकटी थोडी बाजूला सरते आणि बाइक महिनाभर छान चालते. मेकॅनिकने बदललेल्या भागाला मग त्याचे श्रेय मिळते. प्रत्यक्षात तो भाग बदलताना काढलेल्या कपलरने तात्पुरते काम केलेले असते. महाग सुटे भाग बदलल्याने दोष गेल्याच्या आणि काही दिवसांनी परत आल्याच्या कित्येक कहाण्यांमागे हे इतके साधे कारण असू शकते.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, मग बिघाड कुठे?

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून हे जरा नीट समजून घ्यायला हवे.

समजा हेडलाइटकडे जाणाऱ्या वायरमध्ये १६ बारीक तारा आहेत. हँडल रोज वळून वळून त्यातल्या १५ तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली. वरचे आवरण शाबूत आहे. आता बल्ब काढून त्याच्या जागी मल्टिमीटर लावला, तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवील. कारण चांगला मल्टिमीटर स्वतः जवळपास वीज घेतच नाही. त्याचा अंतर्गत रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. एवढ्याशा प्रवाहासाठी एक तारही पुरेशी असते.

बल्बचे तसे नाही. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. त्या उरलेल्या तारेत किंवा घाणेरड्या कपलरमध्ये अर्ध्या ओहमचा जरी रोध तयार झाला, तरी सव्वादोन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि तेवढा भाग तापतो. तापला की रोध आणखी वाढतो. बल्ब मंद होतो, इतकेच. पण त्याच वाटेवर इंधन पंप किंवा इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक असेल, तर त्याला पुरेसा दाब मिळत नाही आणि इंजिन क्षणभर गचका देते किंवा बंद पडते. यालाच आपल्याकडे ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात आणि दोष प्लगवर ढकलला जातो.

म्हणून भार नसताना घेतलेले मोजमाप जवळपास निरुपयोगी असते. महामार्गावर ट्रकचे वायरिंग करणारे जुने कारागीर मीटरऐवजी दोन वायरी लावलेला बल्ब घेऊन बसतात, याची काही जण टिंगल करतात. त्या बल्बमध्ये शहाणपण आहे. तो वीज ओढतो, त्यामुळे एका तारेवर तग धरून असलेली वायर त्याच्यापुढे लगेच उघडी पडते. एक खबरदारी मात्र हवी. आजच्या बाइकच्या संगणकाला किंवा सेन्सरला जाणाऱ्या नाजूक वायरींवर हा बल्ब लावू नये, त्याने नवे नुकसान होऊ शकते.

मीटरच वापरायचा असेल, तर तो वेगळ्या रीतीने वापरावा लागतो. इंजिन सुरू ठेवायचे, हेडलाइट लावायचा, ब्रेक दाबून धरायचा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवायचे. हे दोन्ही बिंदू विजेच्या दृष्टीने एकच असायला हवेत, म्हणजे मीटरने शून्याच्या जवळचा आकडा दाखवायला हवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगच्या वायरीत किंवा तिच्या बोल्टखालच्या गंजात वीज खर्च होते आहे. हीच चाचणी धन बाजूने करता येते. या दोन चाचण्यांना दहा मिनिटे लागतात आणि त्यासाठी एकही भाग विकत घ्यावा लागत नाही. त्या फारशा होत नाहीत याचे कारणही कदाचित तेच असावे.

नेमके काय बंद पडले?

‘गाडी बंद पडते’ ही तक्रार डॉक्टरला ‘बरे वाटत नाही’ सांगण्यासारखी आहे. शोधाची पहिली पायरी म्हणजे काय काय बंद पडले आणि काय चालू राहिले, हे पाहणे.

सगळेच एकदम गेले, मीटर, दिवे, हॉर्न काहीच नाही, तर दोष विजेच्या मुख्य वाटेवर असतो. बॅटरीचे ढिले टर्मिनल, मुख्य फ्यूज, मुख्य अर्थ किंवा चावीचा स्विच. यापलीकडे फार शोधावे लागत नाही. मीटर आणि दिवे चालू आहेत, पण इंजिनच थांबले, तर संशयित वेगळे. साइड स्टँडचा स्विच त्यात सर्वांत आधी पाहावा. बहुतेक नव्या बाइकमध्ये स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होते. हा स्विच चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या माऱ्यात, अगदी खाली बसवलेला असतो. त्यात माती गेली किंवा स्टँडची स्प्रिंग सैल झाली, तर खड्ड्यातल्या एका हादऱ्याने बाइकला वाटते की स्टँड खाली आला, आणि ती इमानदारीने इंजिन बंद करते. किल स्विच आणि क्लचचा स्विच हे त्याचेच भाऊबंद.

तिसरा प्रकार हळूहळू मारणारा. आधी हॉर्नचा आवाज बसतो, मग दिवे पिवळे पडतात, मग मीटर लुकलुकतो आणि शेवटी इंजिन थांबते. हा चार्जिंगचा दोष. नवी बॅटरी टाकली तर बाइक आणखी शंभर-दीडशे किलोमीटर जाते आणि पुन्हा तेच. इथे बॅटरी बळी असते, गुन्हेगार नव्हे. चांगली, भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवते. इंजिन जरा चढवल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. गेला नाही, तर स्टेटर आणि रेग्युलेटर यांच्यामधला कपलर उघडून पाहावा. तो तपकिरी पडलेला, वितळलेला सापडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. गुन्हेगार तिथेच असताना रेग्युलेटर तेवढा बदलला आणि जळका कपलर तसाच ठेवला, तर नवा रेग्युलेटरही फार दिवस टिकत नाही.

आणि चौथा प्रकार कसाऱ्याच्या घाटातला, म्हणजे तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू. इंजिनची फिरकी मोजणारा सेन्सर, ज्याला मेकॅनिक पल्सर कॉइल म्हणतात, इंजिनजवळच्या गरम जागेत असतो. त्याच्या आतल्या केसासारख्या तारेला बारीक तडा गेला असेल, तर थंडपणी टोके टेकलेली राहतात आणि तापल्यावर प्रसरणाने सुटतात. संगणकाला इंजिन फिरतेय की नाही हेच कळत नाही, म्हणून तो ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबवतो. गॅरेजमध्ये हेअर ड्रायरने सेन्सर तापवून त्याचा रोध मोजला, तर हा दोष तिथल्या तिथे पकडता येतो. असे करणारी गॅरेजे आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असावीत. (इंधनाच्या टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले तरी लक्षणे जवळपास अशीच दिसतात. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज होऊन बाइक सुरू झाली, तर वायरिंगला हात लावण्याची गरज नाही.)

थोडक्यात, दोष जर साथीदाराशिवाय येत नसेल, तर तो साथीदार गॅरेजमध्ये आणावा लागतो. इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश वळवायचे. वायरिंगचा जुडगा बोटभर अंतराने हलवत जायचे. फवारणीच्या बाटलीने एकेका कपलरवर पाणी मारायचे. प्रेशर गनने मात्र नाही. धुण्याच्या दुकानातली ती तोटी पाणी अशा ठिकाणी घुसवते जिथे पाऊस चार महिन्यांत पोहोचत नाही आणि निम्मे दोष तिथूनच जन्माला येतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मालकाचा वाटा किती?

बराच. देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम लागलेला असतो. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस आले. २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर कार्ब्युरेटर जाऊन इंधन पंप, इंजेक्टर आणि संगणक आले. पूर्वीची बुलेट बॅटरी मेली तरी किक मारून घरी येत असे, आजची येत नाही. सहलीसाठी घेतल्या जाणाऱ्या मध्यम ताकदीच्या बाइकचा अल्टरनेटर साधारण दोनशे वॉटच्या आसपास वीज देतो, तीही इंजिन चढलेले असताना. त्यातली बरीच बाइकला स्वतःलाच लागते.

त्यावर लेह-लडाखचे स्वप्न चढते. दोन फॉग लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर. चाळीस-चाळीस वॉटचे दोन दिवे म्हणजे सुमारे साडेसहा अँपिअर. ते बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि रिले देऊन जोडले तर ठीक. पण बाजारात हेडलाइटची वायर सोलून, त्यावर नवी वायर पिळून, काळी टेप गुंडाळून काम वीस मिनिटांत संपवले जाते. एप्रिलच्या उन्हात टेपचा डिंक पातळ होतो, जूनमध्ये आत पाणी जाते आणि सप्टेंबरमध्ये बाइक मिसिंग मारते. तोवर दिवे बसवल्याचे मालक विसरलेला असतो आणि मेकॅनिकला तो ते सांगतही नाही, कारण वॉरंटी जाईल ही भीती. ही भीती खोटी नाही. पण माहिती दडवल्याने बिघाड थांबत नाही. जाणकार मेकॅनिक तर आधी सगळ्या बाहेरच्या जोडण्या काढून टाकतो आणि मग बाइक चालवून बघतो.

जोड झाळून पक्का करावा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. घरातल्या रेडिओसाठी तो योग्य आहे. बाइकवर झाळलेला भाग कडक होतो आणि कंपनाने वायर नेमकी त्याच्या कडेला तुटते. दाबून बसवायची योग्य मापाची पितळी टोपी आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी, हा जोड कितीतरी जास्त टिकतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणाऱ्यांबद्दल मात्र काही बोलण्यात अर्थ नाही. वायरीआधी फ्यूज जळावा म्हणूनच तो असतो.

फक्त गैरसोय की धोका?

चालत्या बाइकचे इंजिन महामार्गावर बंद पडणे याकडे उत्पादकही अनेकदा गैरसोय म्हणून पाहतात. या दृष्टिकोनाची किंमत अमेरिकेने मोजली आहे. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख छोट्या मोटारी परत बोलावल्या. चावीच्या स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. रस्त्यातला हादरा किंवा जड जुडग्याचे वजन एवढ्यानेही चावी चालू स्थितीतून सरकत असे. मग इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि अपघात झालाच तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीच्या आत हा दोष सुमारे दशकभर माहीत होता. पण चालत्या मोटारीचे इंजिन बंद पडणे हा ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न समजला गेला. मधल्या काळात स्विच सुधारला, पण त्याचा सुटा भाग क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुना आणि नवा स्विच कागदावर एकच दिसत राहिला. दोन स्विच प्रत्यक्ष उघडून शेजारी ठेवल्यावरच फरक कळला.

गोदामाच्या, घराच्या आणि कपाटाच्या चाव्या बाइकच्या चावीलाच अडकवून फिरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. जुडगा प्रत्येक खड्ड्यात स्विचच्या आतल्या पट्ट्यांना ओढत असतो.

भारतातले उदाहरण तुलनेने बरे आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट ३५० या बाइक परत बोलावल्या. संख्या होती सात देशांत मिळून २ लाख ३६ हजार ९६६. इग्निशन कॉइलमध्ये दोष होता, ज्याने मिसिंग होणे, ताकद कमी होणे आणि क्वचित शॉर्ट सर्किट होणे शक्य होते. कंपनीच्या स्वतःच्या नेहमीच्या चाचण्यांत तो सापडला आणि परत बोलावलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी बाइकमध्ये कॉइल बदलावी लागेल, असा तिचा अंदाज होता. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक बाइक ठीकच होत्या. दोष दुर्मीळ होता, तरी ज्याच्या बाइकमध्ये होता त्याच्यासाठी तो शंभर टक्के होता. कंपनीकडे कॉइलच्या उत्पादनाच्या तारखा होत्या, म्हणून हे कोडे सुटले. एकट्या ग्राहकाने कितीही कॉइल बदलल्या असत्या, तरी त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

‘दोष आढळला नाही’ने काय बिघडते?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. त्यात विकल्या गेलेल्या वाहनांच्या प्रमाणात किती तक्रारी आल्या, याला महत्त्व आहे. आता जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ लिहून बाइक परत गेली, तर त्या तक्रारीचे पुढे काय होणार? ती ग्राहकाच्या मनात राहते, आकड्यांत उमटत नाही. तो शेरा निरुपद्रवी वाटतो, पण एकाच प्रकारे बंद पडणाऱ्या हजार बाइकमधला धागा तो कापून टाकतो. ‘या परिस्थितीत बंद पडल्याची तक्रार, तपासणीवेळी दोष उद्भवला नाही’ असे लिहिणे सक्तीचे करायला हवे. शब्द चार-पाच जास्त लागतील.

दुसरा बदल पैशांचा. आज मेकॅनिकला सुटा भाग बसवल्याचे पैसे मिळतात. तीन तास वायरी हलवून अर्थचा एक बोल्ट घासून घट्ट केला, तर ‘फक्त बोल्ट आवळायचे एवढे पैसे?’ म्हणून ग्राहकच भांडतो. मग तो मेकॅनिक पुढच्या वेळी रेग्युलेटर बदलतो आणि सगळे खूश राहतात. मागावर ताण्याचा एक धागा तुटला म्हणून कुणी अख्खा बीम उतरवत नाही. धागा शोधून सांधला जातो आणि ते सांधणाऱ्या हाताला भिवंडीत मान आहे. बाइक दुरुस्तीत मात्र शोधणाऱ्याला मोल नाही. तपासणीचे शुल्क तासावर, आधी सांगून, दोष सापडो वा न सापडो, घेतले जावे आणि ग्राहकाने ते द्यावे. अधिकृत सेवा केंद्रांनी यात पुढाकार घ्यायला हवा, कारण छोट्या गॅरेजला हा दर एकट्याने रुजवता येणार नाही.

केंद्रांच्या अडचणीही खऱ्या आहेत. बाइक त्याच दिवशी परत द्यायची असते, रांग लागलेली असते आणि ६० किलोमीटर चालवून बघायला माणूस नसतो. मग निदान वायरिंगचा नकाशा तरी बाहेरच्या कारागिराला मिळू द्यावा. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत सहसा फ्यूजची यादी असते, कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे जाते हे नसते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्यासोबत वाहनेही त्यात आहेत. प्रत्येक दुचाकीचा वायरिंग नकाशा तिथे असणे, ही या उपक्रमाची खरी कसोटी आहे.

भांडण ग्राहक आयोगापर्यंत गेले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. पण प्रयोगशाळाही थंड, कोरडी आणि स्थिरच असते. म्हणून बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे मोलाची ठरतात, कारण दोष हजर असतो तो फक्त तेव्हाच.

आधी बाइक डांबरी रस्त्यापासून शक्य तितकी दूर न्यावी आणि स्वतः तिच्या मागे उभे राहू नये. मग मोबाइलचा कॅमेरा सुरू करून चावी फिरवावी. मीटर लागतो का? दोन-तीन सेकंद इंधन पंपाचा ‘गुंई’ आवाज येतो का? हॉर्न वाजतो का? चेक इंजिनचा दिवा कसा लुकलुकतो? तारा ओढण्याचा मोह तोवर आवरावा, कारण एखादा कपलर नकळत हलला की पुरावा गेला. घरी येऊन कागदावर एवढेच लिहिले तरी पुरे : रविवार, खर्डीच्या पुढे, घरापासून ६० किमी, पाऊस थांबून अर्धा तास, मागे माणूस आणि पेट्या, फॉग लाइट चालू, मीटर चालू, हॉर्न चालू, पंपाचा आवाज नाही, २० मिनिटांनी आपोआप सुरू. हा कागद जॉबकार्डला टाचणीने लावून द्यावा आणि त्याचा फोटो आपल्याकडे ठेवावा.